उनकेश्वरच्या ऊन पाण्याला पहिल्यांदा जाताना

मराठीत ऊन म्हणजे अंगणात पडतं ते, आणि ऊन म्हणजे गरमही. ऊन-ऊन भाकरी म्हणतो ना, तेच. कोकणात गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी उन्हाळे, उन्हवरे अशी गावं वसली, आणि आपल्या मराठवाड्यात, नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी उनकेश्वर आहे. सागाच्या जंगलातल्या डोंगराळ पट्ट्यात महादेवाचं जुनं मंदिर, आणि त्याच्याजवळ कुंडात जमिनीतून येणारं गरम पाणी. दुष्काळाचा जिल्हा, कोरड्या विहिरी, टँकर, अशीच ज्यांना मराठवाड्याची ओळख आहे, त्यांनी एकदा तरी तिथं जावं.

पण पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण पोहायला निघाल्यासारखे जातात. टॉवेल, मोबाईल, चार मित्र, आणि पोचल्या पोचल्या पाण्यात पाय. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी हे पाणी गरम का, ते समजून घ्या

लोक सांगतात, खाली ज्वालामुखी पेटलाय. तसं नाही. आपल्या पायाखालचा काळा पाषाण लाव्हाचाच आहे, पण तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच थंड झालेला. पाणी तापतं ते खोलीमुळे. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण पंचवीस ते तीस अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल मुरतं, तिथं तापतं, आणि जिथं मोठी भेग सापडेल तिथून वर येतं. या भागातून कड्डम नावाचा मोठा भ्रंश जातो, म्हणजे खडकच तुटून सरकलेली लांबच लांब रेघ. असं पाणी वर यायला असलीच वाट लागते.

खोलातून येताना ते खडकातले क्षार विरघळवून आणतं. गंधकाचं पाणी म्हणून लोक त्याला ओळखतात. त्यात आपल्या डोळ्यांना न दिसणारे, उष्णतेतच वाढणारे जिवाणूही असतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी उनकेश्वरच्या पाण्यातल्या जिवाणूंचा अभ्यास केलेला आहे. साबण, शाम्पू, डिटर्जंट कुंडात नको असं मी पुढं म्हणणार आहे, ते नुसत्या स्वच्छतेसाठी नाही. ते जिवंत पाणी आहे.

आणि गोष्ट? वनवासात असताना श्रीराम शरभंग ऋषींच्या आश्रमात आले. ऋषींचं अंग त्वचारोगानं पोळलेलं. रामानं जमिनीत बाण मारला, गरम पाणी उसळलं, त्यात न्हाऊन ऋषी बरे झाले. हीच कथा खानदेशात उनपदेवलाही सांगतात. त्या कथेमुळे पिढ्यान् पिढ्या कातडीचे आजार असलेली माणसं उनकेश्वरला येतात. दवाखाने फिरून थकलेली, गावानं अंतर ठेवलेली. कुंडावर पहिला हक्क त्यांचा आहे, आपण पाहुणे. एवढं मनात धरलं तर पुढच्या निम्म्या सूचना वाचायचीही गरज पडणार नाही.

कधी जायचं

दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीच्या आधीपर्यंत. त्यातही डिसेंबर-जानेवारीची पहाट. किनवटच्या जंगलात त्या वेळी चांगलीच थंडी असते, सागाच्या पानांवर दव असतं, आणि कुंडावर वाफ उभी राहते. दिवस वर आला की ती वाफ दिसेनाशी होते, म्हणून आदल्या दिवशीच मुक्कामाला पोचलेलं बरं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, त्यासाठीही यावं. पण एप्रिल-मेमध्ये नांदेडचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गरम पाण्यात बसणं म्हणजे अंगावर आजार ओढवून घेणं. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असतात, पण नदी-नाल्यांना पूर येतो आणि आतले रस्ते बंद पडतात. नवरात्र आणि दत्तजयंतीला शेजारच्या माहूरला रेणुकामातेच्या आणि दत्तशिखराच्या भाविकांची प्रचंड गर्दी असते. राहायला खोली मिळणं मुश्कील. महाशिवरात्रीला महादेवाचं कोणतंच ठाणं रिकामं नसतं.

कसं जायचं

नांदेड गाठा. तिथून मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर किनवट स्टेशन आहे. भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड करत गाडी जंगलात शिरते. खिडकीची जागा धरा. रस्त्यानं जायचं तर एसटीनं भोकर-हिमायतनगर-इस्लापूरमार्गे किनवट, साधारण सव्वाशे-दीडशे किलोमीटर. किनवटला किंवा माहूरला उतरलात की पुढची चौकशी स्टँडच्या खिडकीवरच करा. आतल्या गाड्या मोजक्या असतात आणि वेळा बदलतात. मोबाईलवरच्या नकाशापेक्षा स्टँडवरचा चहावाला खात्रीचा. एसटी चुकली तर काळीपिवळी मिळते. मात्र संध्याकाळनंतर तिच्या भरवशावर राहू नका.

स्वतःची गाडी असेल तर किनवटला किंवा माहूरला टाकी भरून घ्या, आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. हे जंगल खरंखुरं जंगल आहे. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्य आहे. 2019 साली तिथून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ पैनगंगा अभयारण्य, हिंगोली असं करत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला होता. वाघ आपल्याला दिसण्याची शक्यता फार कमी. रात्री रस्त्यावर रानडुक्कर, नीलगाय किंवा बसलेली गुरं आडवी येण्याची फार जास्त.

पिशवीत काय

सुती, अंगभर कपड्यांचे दोन जोड. मंदिराजवळचं कुंड आहे, तिथं पोहण्याचे कपडे शोभत नाहीत. बायकांनी जुना सलवार-कुर्ता घ्यावा. ओली साडी पायऱ्यांवर पायात येते. प्रत्येकाचा स्वतःचा पंचा, आणि तो कुणालाही द्यायचा नाही. नायटा-गजकर्ण टॉवेलवरूनही घरभर पसरतो. माणशी दोन लिटर पिण्याचं पाणी, मीठ-साखर किंवा ओआरएसच्या पुड्या, टॉर्च, ओल्या कपड्यांसाठी पिशवी. जेवणाला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. दोन दिवस टिकतात.

चांदी घरी ठेवा. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते. आमच्या आईची जोडवी अशीच काळीठिक्कर पडली होती. तिला वाटलं अपशकुन झाला, दिवसभर ती गप्प होती. गावी आल्यावर सोनारानं घासून दिली आणि पाण्याचा गुण समजावून सांगितला, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

आणि एक साधा थर्मामीटर. ताप मोजायचा नव्हे, त्याचा पारा 42-43 अंशांवर संपतो. दूध किंवा पाणी मोजायचा, शंभर अंशांपर्यंतचा. शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो.

कुंडाशी पोचल्यावर

आधी चपला काढून देवदर्शन. मग तिथं जो कुणी व्यवस्था बघत असेल, त्याला विचारा: कुठल्या कुंडात उतरायचं, बायकांची जागा कुठली, अंगावर पाणी कुठं घ्यायचं. दिसेल त्या पाण्यात उतरायचं नाही. फोटो काढायचा तर आंघोळ करणारं एकही माणूस चौकटीत येता कामा नये. तिथं येणारी कितीतरी माणसं अंगावरचे डाग लपवण्यात आयुष्य घालवत असतात. इथं येऊन ती पहिल्यांदा सदरा उतरवतात. त्या वेळी कुणाचा तरी कॅमेरा त्यांच्याकडे वळलेला बघितला की मला फार वाईट वाटतं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पायरीवर उभा राहून सरळ पाय खाली सोडत होतो. शेजारी एक आजोबा बसले होते, खांद्यावर पंचा. त्यांनी माझी पोटरी धरली.

"पाय नका घालू हो आधी. हात लावून बघा."

"का हो आजोबा?"

"पायाला काय कळतंय? भेगाळलेला पाय तो. हाताच्या उलट्या बाजूला कळतं."

मी वाकून हाताची पाठ पाण्याला टेकवली आणि चटकन मागं घेतली. पहाटेच्या गारठ्यात ते पाणी बोचत होतं. आजोबांनी मला पलीकडच्या कोपऱ्यात नेलं, जिथं पाणी थोडं निवलेलं होतं. तिथं तळातून बुडबुड्यांची एक माळ सारखी वर येत होती, तुटायची आणि परत जुळायची. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. पाण्याचं अंगाला सोसवेल असं ऊन कुठं आहे, हे त्या माणसाला पायरीपायरीनं पाठ होतं.

तर क्रम असा. हाताची पाठ, मग कोपर. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी आई जसं बघते, अगदी तसंच. त्यानंतर थर्मामीटर बुडवून दोन मिनिटं. 40 अंशांपर्यंत बसायला हरकत नाही. 40 च्या वर गेलं तर बसू नका. बादलीत घेऊन, थंड पाणी मिसळून अंगावर घ्या. एकाच कुंडात दोन हातांच्या अंतरावर पाण्याचं ऊन बदलतं, झऱ्याचं तोंड असेल तिथं सगळ्यात कढत, म्हणून जागा बदलली की परत तपासा.

उतरण्याआधी बाहेर साध्या पाण्यानं अंग धुऊन घ्या. तेल लावून उतरू नका. तेलाचा तवंग सगळ्यांच्या अंगाला लागतो आणि पायऱ्या निसरड्या होतात. पायऱ्यांना शेवाळ असतंच, आणि चपला तर आपण बाहेर ठेवलेल्या. उभ्यानं उतरू नका. पायरीवर बसा, हात टेका, सरकत खालच्या पायरीवर या. तरणीताठी माणसंही इथं घसरतात.

पहिल्या वेळेला पाय आणि पोटऱ्या, मग कंबर, मग छातीपर्यंत. दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. पाण्यात असताना आपल्याला घाम सुटतो, पण तो कळत नाही. रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब खाली येतो, आणि झटक्यात उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. म्हणून निघताना आधी पायरीवर बसायचं, शंभर आकडे मोजायचे, मग उठायचं. बाहेर पंचा पांघरून पंधरा मिनिटं बसा, घोट घोट पाणी प्या. बरं वाटलं तर परत दहा मिनिटं. एवढं पुरे. भरल्या पोटी नको, दारू पिऊन तर मुळीच नको, आणि एकट्यानं कधीच नको.

डोकं पाण्याखाली घालू नका. लहान मुलांना याची फार हौस असते, तेव्हा त्यांच्याकडे लक्ष असू द्या. गरम, साचलेल्या गोड्या पाण्यात एक अमिबा वाढतो. तो पोटात गेला तर काही होत नाही, पण नाकात पाणी शिरलं तर थेट मेंदूपर्यंत पोचतो, आणि तो आजार बहुतेक वेळा जिवावर बेततो. केरळमध्ये गेल्या काही वर्षांत असे रुग्ण आढळले. प्रकार क्वचित घडतो, पण नाक पाण्याच्या वर ठेवण्याला काही खर्च नाही.

तीर्थ म्हणून ओंजळभर पाणी डोक्याला लावा, पोटात घेऊ नका. शेकडो माणसांच्या आंघोळीचं पाणी ते. शिवाय खोलातल्या गरम पाण्यात क्षार आणि फ्लोराइड जास्त असू शकतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको असं भारतीय मानक सांगतं, आणि फ्लोराइडनं वाकलेली हाडं आपल्या नांदेड जिल्ह्यानं बघितलेली आहेत.

ज्या कातडीला कळत नाही

माझ्या लेखी या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. घाईत असाल तर एवढं वाचा.

मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा मंदावतात. चटका बसतो, पण कळत नाही. आमच्या नात्यातल्या एका काकांनी अशाच एका गरम कुंडात अर्धा तास पाय सोडून ठेवले. बाकीचे मधून मधून पाय वर घेत होते, आणि काका म्हणत होते, "मला तर काहीच होत नाही." संध्याकाळी मोजा काढला तर तळव्याला फोड, आणि त्यांना तेव्हाही दुखत नव्हतं. ती जखम भरायला तीन महिने गेले. "मला काहीच होत नाही" हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल, त्याला आधी पाण्याबाहेर काढा.

कुष्ठरोगाचंही तसंच. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्या जागी सुई टोचलेली कळत नसेल, तर तो चट्टा गरम पाण्यानं शेकायचा नसतो, तो डॉक्टरला दाखवायचा असतो. उनकेश्वरला माणसं नेमकी हेच चट्टे घेऊन येतात, आणि बधिर कातडी कढत पाण्यात बुडवतात. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. चट्टे थोडे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने घ्यावं लागतं, आणि रोग बरा होतो. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना लागण होणं थांबतं. कोड वेगळं; ते संसर्गानं होतच नाही, त्यामुळे कोड असलेल्या माणसाशेजारी पाण्यात बसायला कचरण्याचं काही कारण नाही.

ऊन पाण्यानं सांधे मोकळे होतात, अंगाचा शीण जातो, खाजही काही काळ शमते. माझ्या आईचे गुडघे त्या पाण्यात दोन दिवस हलके झाले होते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. श्रद्धेनं जा, मनापासून जा. पण चालू असलेलं औषध बंद करून जाऊ नका. रामाचा बाण आणि दवाखान्याची गोळी यांच्यात भांडण लावायची काहीच गरज नाही.

गरोदर बाई, हृदयविकार असलेले, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये. पायरीवर बसून तांब्यानं कोमट पाणी पायावर घ्यावं. उघडी जखम किंवा अंगात ताप असेल तर तेही नको. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना बादलीतलं कोमट पाणीच बरं.

जंगलात वागायचं कसं

या भागात गोंड, कोलाम, परधान, आंध, बंजारा अशी माणसं राहतात. मराठी सगळीकडे चालते, पण घराघरांत गोंडी, कोलामी, गोरमाटी आणि तेलुगूही ऐकू येते. गोंड वस्तीवर "जय सेवा" म्हणा, इतर ठिकाणी "राम राम" चालतं. नमस्कार न करता कुणाच्या अंगणातून वाट विचारू नये.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं पडतात. ती वेचायला बाया-पोरं येतात, आणि ती खायला अस्वलंही येतात. अस्वल वाघापेक्षा लवकर बिथरतं. म्हणून त्या महिन्यांत उजाडायच्या आत मोहाच्या झाडाखाली जायचं नाही. वेचायच्या फुलांवर पाय द्यायचा नाही. ती कुणाच्या तरी वर्षाच्या हिशेबातली असतात.

साप चावलाच तर कापू-चोखू नका, आवळून बांधू नका, मांत्रिक-भगताकडे नेण्यात वेळ घालवू नका. पाय न हलवता सरळ किनवटच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे. रुग्णवाहिकेला 108, पोलिसांना 112, वन्यप्राण्याबाबत वनविभागाला 1926. रेंज जाते-येते, तेव्हा कुठं रेंज मिळते ते पोचल्या पोचल्या बघून ठेवा.

नदीत उतरायचा मोह टाळा. पैनगंगा वरून शांत दिसते, पण खडकात खोल डोह आहेत आणि वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते. इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा जाता-येता जरूर बघा, पण खडकाच्या कडेवर उभं राहून फोटो नको. पाण्यानं असे खडक निसरडे झालेले असतात.

इथून पुढं कुठं

दुसऱ्या दिवशी माहूर करा. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया, आणि वेळ उरला तर माहूरचा किल्ला. पायऱ्या पुष्कळ आहेत. आदल्या दिवशीच्या ऊन पाण्यानं मोकळे झालेले पाय इथं कामाला येतात.

काहींना पुढं हिमालयातल्या गरम झऱ्यांना जायचं असतं. तिकडे थर्मामीटर आणि हाताची पाठ दोन्ही आठवणीनं न्या. हिमाचलात मणिकरणच्या गुरुद्वाऱ्यात लंगरचा भात झऱ्याच्या पाण्यात शिजवतात, इतकं ते कढत. त्याच पार्वती खोऱ्यात खीरगंगेचं कुंड साधारण 2,900 मीटर उंचीवर आहे, पायी चढून जावं लागतं. विरळ हवा, थकलेलं अंग आणि गरम पाणी एकत्र आलं की चक्कर लवकर येते. म्हणून पोचल्यावर लगेच पाण्यात न शिरता तासभर बसा, पाणी प्या, काहीतरी खा. उनकेश्वरला दहा मिनिटांचा नियम अंगवळणी पडलेला असेल तर तिथं सोपं जातं.

परतीच्या दिवशी ओले कपडे पिशवीत बांधून वेगळे ठेवा, घरी पोचल्यावर गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. निघण्याआधी पायांचे तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचा एकदा उजेडात नीट बघा. स्वतःचे बघा आणि बरोबरच्या म्हाताऱ्या माणसांचेही. लाली किंवा फोड दिसला तर किनवटला दाखवून मगच गाडीत बसा. आणि स्टँडवर शेवटची गाडी किती वाजता आहे, हे सकाळीच विचारून ठेवलेलं असू द्या.